न पुसलेलं वांग

३ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तू घर सोडून गेलीस त्याला चार महिने झाले आणि मी आज पत्र लिहायला बसलो आहे. एवढ्या उशिराबद्दल माफी मागतो. ती आधीच मागून ठेवलेली बरी, कारण पुढे आणखी बऱ्याच गोष्टींची मागायची आहे आणि लिहिता लिहिता माझी गडबड होते. याआधी चारदा कागद घेतला होता. एकदा वाटलं, तू न वाचताच फाडशील. एकदा वाटलं, वसतिगृहाच्या बाई आधी फोडून वाचतील. शेवटच्या वेळी पाकीट चिकटवून झाल्यावर तिकीट उलटं लागलेलं दिसलं, म्हणून तेही राहिलं. शेजाऱ्यांकडून दोनदा फोन लावला, तू फोनवर आली नाहीस. बरोबरच आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुका असतील त्या सांभाळून घे.

आज लिहायला कारण झालं. तुझ्या कोर्सच्या संस्थेचं पत्र इथे आलं आहे, अर्जावर तू इथलाच पत्ता घातला होतास. त्यात लिहिलंय की ओळखपत्रासाठी दिलेला फोटो चेहऱ्याशी जुळत नाही, महिनाअखेरपर्यंत चार नवे फोटो द्यावेत, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. तो फोटो मी काढलेला, आणि त्यावर पेन्सिलही मीच चालवलेली.

तू तेव्हा फोटो हातात घेऊन हसली होतीस. म्हणालीस, "बाबा, ही कोण आणलीत तुम्ही?"

मी म्हटलं, "तूच की."

"माझी धाकटी बहीण असेल. माझ्यापेक्षा शहाणी दिसते."

मी पण हसलो. पण माझं लक्ष फोटोत नव्हतंच, कारण निगेटिव्हवर मी काहीतरी वेगळंच बघून बसलो होतो. ते तुला कधी नीट सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काय झालं तेही तुला ठाऊक नाही, तू संध्याकाळी घरी आलीस. म्हणून सांगतो.

चाळीस वर्षं मी स्टुडिओत माणसांच्या चेहऱ्यावरचे डाग काढले. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळा डाग तिथे काचेसारखा स्वच्छ दिसतो. पेन्सिल काचपेपरवर घासून सुईसारखी करायची, भिंग लावायचं, आणि तो स्वच्छ भाग बारीक बारीक टिंबांनी काळा करायचा, म्हणजे कागदावर कातडी उजळ उमटते. देवीचे व्रण, मुरमं, कापल्याच्या खुणा, सगळं ओळखू येतं मला. तुझ्या दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर आणि कपाळावर काळपट वांग आलं होतं. दोन्ही बाजूंना सारखं, जोडीने. असं वांग मी शेकडो बायकांचं काढलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक पोटुशी होत्या. दोन-तीनदा तर बाईने सांगायच्या आधी मी ओळखलं होतं. त्याचा मला फार अभिमान.

सकाळी मी भिंग लावून पुन्हा एकदा खात्री केली आणि तुझ्या सासूबाईंना जाऊन सांगितलं, "मी आजोबा होणार."

"कोण म्हणालं?"

"चेहरा म्हणाला."

"चेहरा काय म्हणतोय ते राहू दे, ती काय म्हणते ते आधी ऐका."

ऐकलं नाही. दुपारपर्यंत मी न्हाव्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं. माळ्यावरचा पाळणा काढला, त्याचा एक पाय हलत होता म्हणून हातगाडीवर घालून सुताराकडे नेला. सगळ्या रस्त्याने लोक विचारत होते आणि मी सगळ्यांना सांगत होतो. मला वाटायचं, नातवंड बघायच्या आधीच आपण जाणार. छातीत अधूनमधून धडधडतं, तुला माहीतच आहे. संध्याकाळी तू आलीस तेव्हा हॉलच्या मधोमध पाळणा आणि शेजारी माझी बहीण, तुमच्या आत्याबाई.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. तू म्हणालीस, "असं काही नाही." आत्याबाई म्हणाली, "नाही कसं? दादाची नजर चुकत नाही. होतं ते घालवलं असेल." मग पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. मग तू नवऱ्याकडे, आपल्या मौनीकडे बघितलंस, तो जमिनीकडे बघत राहिला, आणि तू गेलीस.

आता आत्याबाई म्हणते की येत्या वीस तारखेला, रविवारी, घरच्यांनी बसून निकाल लावायचा. म्हणते, पोरीने नवऱ्याला फसवून गोळ्या खाल्ल्या, असला संसार मोडलेला बरा. आणि साक्ष माझी, कारण पहिल्यांदा मी बघितलं. मला झोप लागत नाही.

फोटोचं मी एक शोधून काढलंय. सोबत एक ट्यूब पाठवतो आहे. बाजारात सगळे देतात, न्हावी म्हणाला पंधरा दिवसांत वांग जातं. सकाळ-संध्याकाळ लाव, म्हणजे चेहरा फोटोशी जुळेल आणि नवीन फोटोची भानगडच राहणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा सासरा

९ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

आधी ती ट्यूब फेकून दे. पुढचं नंतर वाच. लावली असशील तर दवाखान्यात दाखव, पण फेकून दे.

आता कारण सांगतो. पाकीट टपालात टाकलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. न्हावी काय डॉक्टर आहे? म्हणून काल सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दीड तास रांगेत. आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "बसा आजोबा. काय होतंय?"

मी म्हटलं, "मला नाही, सुनेला."

"मग सून कुठे आहे?"

"ती परगावी. मी तिचा चेहरा आणला आहे." आणि पिशवीतून फोटो काढला. पहिल्यांदा छापलेला, पेन्सिल लावायच्या आधीचा. तो मी ठेवून दिला होता.

त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, मी माणसं तपासते, फोटो नाही." पण घेतला हातात. त्यांच्याकडे भिंग नव्हतं, मी माझं दिलं. बघून त्यांनी विचारलं, "दिवस आहेत का?" माझी मान खाली गेली. मी म्हटलं, "नाहीत. सगळा घोटाळा तिथेच झाला." "मग पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर."

सूनबाई, मला जे समजलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तू रक्त तपासायला शिकते आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. बाई पोटुशी असली की अंगात जे रस वाढतात, त्याच जातीचे रस त्या गोळ्यांत असतात. काही जणींच्या कातडीत त्यामुळे रंग जास्त तयार होतो, आणि ऊन लागलं की आणखी. म्हणून दोन्हीचं वांग दिसायला सारखंच. भिंगातूनसुद्धा फरक सांगता येत नाही असं त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं मी ज्या नजरेचा तोरा मिरवला, तिला हे कधी कळलंच नव्हतं. किती बायकांना मी मनातल्या मनात पोटुशी ठरवलं असेल कोण जाणे.

त्यांनी सांगितलंय, उन्हात जाताना टोपी घाल किंवा पदर घे, उन्हासाठीचं मलम येतं ते लाव, घासू नकोस. गोळ्या थांबल्या की बहुतेकदा हळूहळू फिकं होतं, महिने लागतात, काहींचं पूर्ण जात नाही. त्याने जिवाला काही धोका नाही. ट्यूबचं नाव सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, त्यात जहाल औषध असतं, आधी उजळतं आणि मग कातडी पातळ होऊन लाल पडते, डाग दुपटीने परत येतात.

मी विचारलं, "मग गोळ्या बंद कर म्हणून लिहू का तिला?"

"ते ती आणि तिची डॉक्टर ठरवतील. दुसरेही उपाय आहेत. सासऱ्याने ठरवायचं नाही."

दारातून परत बोलावून म्हणाल्या, "आणि आजोबा, भिंग विसरलात."

तिथून औषधाच्या दुकानात गेलो, उन्हाचं मलम बघायला. दुकानदार जुना ओळखीचा. मी गोळ्यांचं नाव दाखवून विचारलं की याने वांग येतं म्हणे, खरं का? तो म्हणाला, "येतं कधीकधी. तुमच्या मुलाला मी सांगितलं होतं की वहिनींना दाखवून घ्या म्हणून."

"माझ्या मुलाला?"

"तोच तर न्यायचा दर महिन्याला. वर्षभर नेल्या. आता तीन-चार महिने आला नाही."

त्याने मला स्टूल दिलं.

मौनी छापखान्यातून आला तेव्हा मी दारातच बसलो होतो. विचारलं, "गोळ्या कोण आणायचं?"

तो चपला काढत राहिला. एक चपल काढायला त्याला किती वेळ लागावा!

"मी."

"ठरवलं कोणी?"

"दोघांनी. तिचा कोर्स होईपर्यंत."

"मग त्या दिवशी तोंडात काय होतं?"

"मी बोलणार होतो."

"कधी? ती जिना उतरल्यावर?"

"आत्याबाई होत्या. तुम्ही पाळणा आणला होता. तुम्ही एवढे खूश होतात..." छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे शब्द जुळवतो, स्वतःचे चार जुळवता येत नाहीत. लहानपणी त्याला आम्ही कौतुकाने मौनी म्हणायचो. माणसाने कशाचं कौतुक करावं!

पण त्याला बोलायचा मला तरी काय अधिकार? मागच्या पत्रात मी लिहिलं की गोळ्यांचं पाकीट सापडलं. ते सापडलं नाही. तू स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेलीस तेव्हा मी तुझी पिशवी उघडली. पुस्तकं बाजूला केली, रुमाल बाजूला केला, आतला कप्पा उघडला. आणि पाकीट घेऊन टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं. माझी नजर खरी ठरवायची होती मला. पासष्ट वर्षांत कुणाच्या खिशाला हात लावला नव्हता, तो सुनेच्या पिशवीला लावला. तुला हे माहीत होतंच, तू मला बघितलं होतंस दारातून. तरी मी पत्रात खोटं लिहिलं. हे पान फाडू नये म्हणून मी आजचं पत्र लगेच टपालात टाकतो आहे, वाचूनही बघत नाही.

तुझा सासरा

१४ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. ट्यूब फेकलीस का एवढं तरी कळायला हवं होतं. असो, टपालाला वेळ लागतो.

आज तुझ्या सासूबाईंबद्दल लिहायचं आहे. त्यांनी लिहायला सांगितलंय. म्हणाल्या, "लिहा, पण माझ्याच शब्दांत लिहा, तुमची कारागिरी नको."

परवा जेवताना मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगत होतो, की कसं दोन्हीचं वांग सारखंच असतं आणि मला कसं आयुष्यभर कळलं नाही. ही ताटाकडे बघत ऐकत होती. मग भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बोट करून म्हणाली, "तो फोटो कधी काढलात?"

तू बघितलाच आहेस तो. काठाच्या साडीतला, स्टुडिओतल्या उंच खुर्चीवर बसलेला. लोक थांबून बघतात, गालावर एक टिंब नाही. मी म्हटलं, "मौनी चार वर्षांचा होता तेव्हा."

"माझ्या तोंडावर वांग होतं तेव्हा. तुम्ही दोन दिवस बसून काढलंत. कशाचं होतं?"

"मौनीच्या वेळचं राहिलेलं."

"चार वर्षांनी? नजर म्हणे नजर!"

सूनबाई, मी ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "पाच वर्षं घेतल्या मी गोळ्या. मौनीच्या वेळी माझं किती रक्त गेलं, तुम्हाला आठवतं? तुम्ही बाहेर बसून होतात. सहा महिन्यांत तुमच्या आईने दुसऱ्याचा धोशा लावला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला गोळ्या दिल्या, त्या वेळी नवीनच आल्या होत्या. मळमळायचं, डोकं चढायचं, तोंड काळवंडलं. पण जीव वाचला."

मी विचारलं, "ठेवायचीस कुठे?" तेव्हा आम्ही स्टुडिओच्या मागच्या एका खोलीत राहायचो, माझी आई, आम्ही दोघं आणि मूल. तिथे टाचणी लपवायला जागा नव्हती.

"तुमच्याच कपाटात. फिल्मच्या रिकाम्या डब्यात. भरलेले डबे तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता, आणि रिकाम्याकडे तुम्ही ढुंकून बघितलं नाही."

आता हे तुला कसं लिहू कळत नाही, पण लिहितो. त्या पाच वर्षांत मला वाटत होतं की दोष माझ्यात आहे. मी गुपचूप ताकदीची औषधं आणून प्यायचो, बाटल्या अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या मागे ठेवायचो. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हिला सांगितलं. ही म्हणाली, "माहीत होतं. वास यायचा तुमच्या तोंडाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत?"

मग ही हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही टेबलावर पाकीट ठेवलंत ना, तेव्हा मला वाटलं माझंच ठेवलंय. मी एक शब्द बोलले असते तर पोर गेली नसती. मी घाबरले. या वयात. माझ्या सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांना घाबरले." हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

काल मी जुनं कपाट उपसलं. हिच्या फोटोचं निगेटिव्ह पाकिटात जपून ठेवलेलं होतं. टर्पेन्टाइनमध्ये कापूस भिजवला. पेन्सिल चढवायला दोन दिवस लागले होते, पुसायला दोन मिनिटं लागली नाहीत. कापूस काळा झाला. मग छापून काढलं. रसायनात कागद हलवताना चेहरा हळूहळू वर आला, आणि त्याबरोबर वांगही, दोन्ही गालांवर, ओठावर. डोळ्यांखाली थकवा होता, तोही मी तेव्हा काढून टाकला होता. सूनबाई, त्या बाईला मी कधी बघितलंच नव्हतं. ती सत्तावीस वर्षांची होती आणि एकटी होती.

ओला फोटो हिला दाखवला. म्हणाली, "आता म्हातारपणी मला विद्रूप करा." मग चष्मा लावून जवळून बघितला. म्हणाली, "लावा भिंतीवर. जुना काढा." लावलाय.

मी आता ठरवलं आहे. घाबरायचं ते घाबरून झालं. ज्या ज्या दारात मी सांगत फिरलो, त्या त्या दारात आजपासून पुन्हा जातो आहे. ही म्हणाली, "गोळ्यांचं कुणाला सांगत बसू नका, ते तिचं आहे. तुमची चूक तेवढी सांगा." तेवढीच सांगतो. न्हाव्याला म्हटलं, "त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं, माझी नजर चुकली, सुनेचा यात काही दोष नाही." तो वस्तरा थांबवून म्हणाला, "अहो, ते तर आम्ही विसरलो होतो." मी म्हटलं, "मग आता हे लक्षात ठेव." आणि ती ट्यूब पुन्हा कुणाला सुचवू नकोस म्हणून पण बजावलं. सुताराकडेही गेलो. उद्या उरलेली चार दारं.

वीस तारखेला साक्ष मी देणार. पण आत्याबाईला हवी ती नाही.

तुझा सासरा

२१ जून

चि. सूनबाईस आशीर्वाद.

काल सगळे जमले. आत्याबाई, तिचे यजमान, तुझ्या सासूबाईंचा भाऊ, आणि शेजारचे काका कारण ते सगळ्यात आधी खुर्ची घेऊन बसतात. पाळणा अजून हॉलमध्येच होता, चादर टाकून. चार महिने आम्ही त्याला वळसा घालून चालत होतो.

मी सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं, आणि ऐन वेळी चष्मा सापडेना. तोपर्यंत आत्याबाईने सुरू केलं. "दादा, तू फक्त एवढं सांग, पहिल्यांदा कोणी ओळखलं?"

मी उभा राहिलो. बसून सांगायचं ठरवलं होतं, पण उभा राहिलो. म्हटलं, "मी ओळखलं, आणि चुकीचं ओळखलं. वांग गोळ्यांचं होतं. तिच्या पोटात काही नव्हतं, तिने काही घालवलं नाही. हे तू बोललीस, आणि मी तुला थांबवलं नाही. तिची पिशवी मी चोरून उघडली. चोर या घरात एकच होता, तो मी."

आत्याबाई म्हणाली, "अरे पण नवऱ्याला फसवलं त्याचं काय?"

मी मौनीकडे बघितलं. ठरवलं होतं की त्याच्या तोंडून यायला हवं, नाही आलं तर मी बोलायचं. मी मनात दहापर्यंत मोजायला लागलो. सात झाले होते तेव्हा तो म्हणाला, "मीच आणायचो गोळ्या."

"काय?"

"मीच आणायचो. आमचं दोघांचं ठरलं होतं. त्या दिवशी मी बोललो नाही. फसवलं मी, तिने नाही." एवढं एका दमात त्याच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आत्याबाईने तोंड वाकडं केलं. "बायको गेली म्हणून आता तिची बाजू घेतोस. आमच्या वेळी बायकांना असलं काही सुचत नव्हतं."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तुझ्या सासूबाई बाहेर आल्या. "सुचत होतं. मी पाच वर्षं घेतल्या."

"वहिनी, तू?"

"मी. हा बघ फोटो. आणि त्याच नर्सबाई दर महिन्याला तुझ्या दारातही येत होत्या. कशाला येत होत्या, ते सांगू का तुझ्या यजमानांसमोर?"

आत्याबाईचे यजमान एकदम तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "चहा ठेवते कुणी की नाही या घरात?" शेजारच्या काकांना खोकला लागला तो थांबेचना. हिचा भाऊ म्हणाला, "मग आपण जमलो कशाला?" चहा झाला. जाताना आत्याबाई दारात थांबून मला म्हणाली, "दादा, पोरीला पत्र लिहितोस का?" मी हो म्हटलं. "मी विचारलं म्हणून लिही. नको, राहू दे." मी दोन्ही लिहिलं आहे, तुला जे घ्यायचं ते घे.

सगळे गेल्यावर मौनीने चादर काढली, पाळणा उचलला आणि एकट्याने माळ्यावर चढवला. एक पाय शिडीत अडकला होता, पण मला हात लावू दिला नाही. खाली आल्यावर म्हणाला, "शुक्रवारी सुट्टी घेतो. जाऊ का तिच्याकडे?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस. तिला विचार, आणि ती नाही म्हणाली तर नाही." तो तुला लिहील. त्याला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव. परत ये असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मी पाळण्याबरोबर हातगाडीवर घालून गावभर फिरवला. तुझा कोर्स पूर्ण कर. मूल कधी, किंवा नाहीच, यात या घरातून पुन्हा कुणी तोंड घालणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही, आणि सध्या छातीत धडधडत नाही.

आता मुख्य गोष्ट, कारण महिना संपत आला. तुझ्याही निगेटिव्हवरची पेन्सिल मी पुसली. नवे चार फोटो सोबत आहेत. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलेत, तरी टपालवाल्याने वाकवले तर दुसरे चार तयार ठेवलेत. कुठेही हात लावलेला नाही. गालावरचं, ओठावरचं, कपाळावरचं, जे होतं ते सगळं आहे. जानेवारीतला चेहरा आहे, आता थोडं कमी-जास्त झालं असेल, पण माणूस ओळखू येईल असं मला वाटतं. खात्री मात्र नाही. चाळीस वर्षं मी चेहऱ्यांवरून काहीतरी काढतच आलो, जसा आहे तसा सोडायची मला सवय नाही.

एकदा तू फोटो बघून विचारलं होतंस, ही कोण आणलीत तुम्ही. म्हणून हे चार नीट बघ. चष्मा, भिंग काही लागत नाही. आणि ही तूच आहेस की अजून दुसरीच कोणी, एवढं एका ओळीत लवकर कळव. मी रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात बसतो.

तुझा सासरा